लाकडाचे आयुष्य, विषाचे माप

जंगलात उन्मळून पडलेले झाड काही वर्षांत मातीला मिळते आणि त्याचे तसे मिळणे ही जंगलाचीच गरज असते, कारण लाकूड कुजले नसते तर झाडांनी जमिनीतून उचललेली द्रव्ये जमिनीत परत गेली नसती. माणूस तेच लाकूड घराच्या तुळईत, दाराच्या चौकटीत, होडीच्या फळीत किंवा कुंपणाच्या खांबात बसवतो आणि त्याने पन्नास-शंभर वर्षे जसेच्या तसे राहावे अशी अपेक्षा धरतो. ही अपेक्षा पुरी करण्यासाठी लाकडावर जे संस्कार केले जातात त्यांना परिरक्षण म्हणतात आणि त्यासाठी वापरल्या जाणाऱ्या द्रव्यांना परिरक्षके. चांगल्या परिरक्षकाकडून दोन गुणांची अपेक्षा असते: बुरशी व कीटक यांना ते मारक असावे आणि वर्षानुवर्षे लाकडातून हलू नये. मात्र जे द्रव्य मारक आहे आणि नाहीसेही होत नाही, तेच माती, पाणी व माणसाचे शरीर यांच्या दृष्टीने सर्वांत त्रासदायक ठरते. पर्यावरणस्नेही परिरक्षणाचा सगळा विचार या अडचणीभोवती फिरतो, आणि जाहिरातींत दिसणाऱ्या ‘संपूर्ण नैसर्गिक’ या शिक्क्याने ती अडचण सुटत नाही.

लाकडाचे घटक मुख्यतः तीन असतात. सेल्युलोज हा तंतूंचा सांगाडा असून तो कोरड्या लाकडाच्या सुमारे 40 ते 45 टक्के भरतो, हेमिसेल्युलोज ही त्या तंतूंना वेढणारी आखूड शर्करासाखळ्यांची मऊ वीण असते, आणि लिग्निन हे या दोहोंना घट्ट बांधून ठेवणारे कठीण द्रव्य असते. यांवर जगणाऱ्या बुरशीला अन्नाबरोबरच हवा, ऊब आणि ओलावा लागतो. कोकणासारख्या प्रदेशात हवा व ऊब यांवर कोणाचेच नियंत्रण चालत नाही, परंतु ओलाव्यावर चालते. लाकडातील ओलावा त्याच्या कोरड्या वजनाच्या 20 टक्क्यांखाली राहिला तर कुजवणारी बुरशी त्यात रुजत नाही. तो 28 ते 30 टक्क्यांच्या पुढे गेला, म्हणजे पेशींच्या भिंती पाण्याने पूर्ण भरून पोकळ्यांतही पाणी साठू लागले, की ती जोमाने वाढते. तिचा एक प्रकार मुख्यतः सेल्युलोज व हेमिसेल्युलोज खातो आणि मागे चौकोनी भेगा पडलेले, चुरगळणारे तपकिरी लाकूड ठेवतो. दुसरा प्रकार लिग्निनही खातो आणि लाकूड पांढुरके, धागेदार करून सोडतो. पूर्णपणे पाण्याखाली गेलेल्या लाकडात हवाच नसल्यामुळे त्याला ही कुज सहसा लागत नाही, तर जमिनीत गाडलेला खांब नेमका मातीच्या पातळीवर, जिथे हवा आणि ओल दोन्ही मिळतात तिथे, सर्वांत आधी मोडतो.

कीटकांचे गणित निराळे असते. वाळवीला कोरडे लाकूडही चालते, कारण ती आपल्याबरोबर ओलावा घेऊन येते. भिंतीवर दिसणाऱ्या मातीच्या नळ्या हे तिचे ओलसर, अंधारे रस्तेच असतात. महाराष्ट्रात ठिकठिकाणी दिसणारी मोठी वारुळे बांधणाऱ्या वाळवीच्या जाती चघळलेल्या लाकडावर वारुळात बुरशीची शेती करतात आणि त्या बुरशीच्या मदतीने लाकडातील अन्न पचवतात. लाकडातून व बांबूतून पिठासारखी बारीक पूड पाडणारे छोटे भुंगेरे मात्र सेल्युलोजपेक्षा पेशींत साठलेल्या पिष्टाच्या, म्हणजे स्टार्चच्या, मागे लागलेले असतात. खाडीच्या खाऱ्या पाण्यात आणखी एक शत्रू आढळतो. त्याला इंग्रजीत जहाजकिडा अशा अर्थाचे नाव असले तरी तो किडा नसून शिंपल्यांच्या कुळातील मऊ, लांबट प्राणी आहे. आपल्या डोक्याकडील दोन छोट्या शिंपांनी तो होडीच्या फळीत बोगदे कोरतो आणि वरून धड दिसणारी फळी आतून पोखरून टाकतो.

या शत्रूंविरुद्ध झाडाने स्वतः केलेली तरतूद हीच परिरक्षणाची पहिली पायरी होय. खोडाच्या बाहेरच्या बाजूला असलेले फिकट लाकूड जिवंतपणी पाणी वाहून नेते आणि त्यात पिष्ट साठते. त्याला रसकाष्ठ म्हणतात. आतील गडद गाभा, म्हणजे मध्यकाष्ठ, हा मृत पेशींचा असतो आणि तो तयार होत असताना झाड त्यात बुरशी व कीटकांना न मानवणारी द्रव्ये साठवते. सागवानातील टेक्टोक्विनोन हे अशा द्रव्यांचे सुपरिचित उदाहरण. लोणावळ्याजवळच्या कार्ले येथील चैत्यगृहाच्या छतात बसवलेल्या लाकडी कमानी आणि स्तूपावरचे लाकडी छत्र सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे असून ते आजही जागेवर आहे. त्याचे श्रेय जितके लाकडाच्या निवडीला तितकेच डोंगराच्या पोटातील कोरड्या, सावलीच्या जागेलाही द्यावे लागते. मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागवानात बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका 1817 साली पाण्यात उतरली आणि इंग्लंडमधील हार्टलपूल येथे ती अजूनही तरंगत आहे. तिची गोष्ट याच्या उलट आहे, कारण तिथे लाकूड पाण्यातच राहिले. म्हणूनच अशा नौकांच्या पाण्याखालील भागाला समुद्रातील प्राण्यांपासून वाचवण्यासाठी तांब्याचा पत्रा मढवला जात असे. सागवानालाही खाऱ्या पाण्यात जादा संरक्षण लागते, हे त्या काळच्या जहाजबांधणाऱ्यांना पक्के ठाऊक होते.

भारतात लाकडाचा नैसर्गिक टिकाऊपणा मोजण्याची एक साधी पण चिवट पद्धत देहरादूनच्या वन संशोधन संस्थेने रूढ केली. ठरावीक मापाच्या खुंट्या जमिनीत अर्ध्या गाडून ठेवायच्या आणि त्या वाळवी व बुरशीपुढे किती महिने टिकतात ते पाहायचे, अशी ही चाचणी असून तिला स्मशान-चाचणी म्हणतात. सरासरी 120 महिने किंवा त्याहून अधिक टिकणारे लाकूड पहिल्या वर्गात, 60 ते 120 महिने टिकणारे दुसऱ्या आणि त्याहून कमी टिकणारे तिसऱ्या वर्गात मोडते. हे वर्ग मध्यकाष्ठाचे असतात, ही गोष्ट बाजारात सोयीस्करपणे विसरली जाते. कोणत्याही झाडाचे रसकाष्ठ, मग ते सागाचे का असेना, टिकाऊ मानले जात नाही, आणि लवकर तोडल्या जाणाऱ्या लागवडीच्या सागात रसकाष्ठाचा वाटा मोठा असतो. ‘सागवान आहे, त्याला काही होत नाही’ असे सांगून विकलेल्या चौकटीची पांढुरकी कड काही वर्षांत वाळवीने फस्त केली, तर त्यात वाळवीचा पराक्रम थोडा आणि निवडीची चूक जास्त असते.

टिकाऊ लाकूड महाग व दुर्मीळ होत गेले तसे हलके लाकूड टिकाऊ करण्याचे उद्योग सुरू झाले. युरोपात 1832 मध्ये पाऱ्याच्या क्लोराईडचे द्रावण वापरण्याचे पेटंट घेतले गेले. पुढे 1838 मध्ये इंग्लंडच्या जॉन बेथेल याने लाकूड बंद टाकीत ठेवून, आधी आतील हवा ओढून घेऊन आणि मग दाबाखाली डांबराचे तेल घुसवण्याची पद्धत शोधली. आजची दाबयंत्रे मुळात तिच्याच वळणाची आहेत. दगडी कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या या तेलाला क्रिओसोट म्हणतात आणि रेल्वेचे लाकडी स्लीपर त्यानेच काळे दिसत असत. त्यातील काही घटक कर्करोगकारक असल्यामुळे घरगुती वापरातून ते अनेक देशांत हद्दपार झाले आहे. तरीही त्या काळ्या तेलाला एक श्रेय द्यावे लागते: स्लीपरचे आयुष्य वाढवून त्याने एरवी तोडावी लागली असती अशी असंख्य झाडे वाचवली.

विसाव्या शतकातील सर्वांत यशस्वी परिरक्षक भारतात जन्माला आले, याची आठवण सहसा काढली जात नाही. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेतील सोंटी कामेशम यांनी 1933 मध्ये आर्सेनिक पेंटॉक्साईड, मोरचूद, म्हणजे तांब्याचे सल्फेट, आणि डायक्रोमेट यांचे 1:3:4 या प्रमाणातील मिश्रण तयार केले. ते ‘आस्कू’ या नावाने प्रसिद्ध झाले आणि 1938 मध्ये त्याला अमेरिकेचे पेटंट मिळाले. तांबे बुरशीला मारते, आर्सेनिक कीटकांना आणि तांबे पचवणाऱ्या बुरशींनाही मारते, हे त्यापूर्वीही माहीत होते. अडचण अशी होती की ही दोन्ही द्रव्ये पावसाने धुपून जात. कामेशम यांनी वापरलेले क्रोमियम लाकडातील द्रव्यांशी संयोग पावताना स्वतःचे रूप बदलते आणि तांबे व आर्सेनिक यांना सोबत घेऊन न विरघळणाऱ्या संयुगांच्या रूपात लाकडात अडकून बसते. पाण्यात विरघळून आत जाणारे आणि आत गेल्यावर न विरघळणारे असे हे परिरक्षक जगभर वापरले गेले. विजेचे व टेलिफोनचे खांब, कुंपणे, अंगणातील जोती, उद्यानांतील बाके यांसाठी हिरवट छटेचे हे लाकूड सर्वत्र पसरले.

लाकडात अडकलेले विष हे लाकूड धड असेपर्यंतच अडकलेले असते. पृष्ठभागावरील थोडेफार आर्सेनिक बोटांना लागते, खांबाभोवतीच्या मातीत उतरते. आणि खांब जुना होऊन कोणी तो जळणात घातला तर त्याची राख आर्सेनिकयुक्त होते. अमेरिकेत घरगुती वापराच्या लाकडासाठी हे द्रव्य 2003 च्या अखेरीस बंद झाले आणि युरोपीय संघाने 2004 मध्ये त्याच्या वापरावर कडक मर्यादा घातल्या. त्याच सुमारास इतर जुनी विषेही पटावरून उठू लागली. वाळवीसाठी वापरले जाणारे लिंडेन 2009 मध्ये आणि लाकडासाठी सर्रास वापरले जाणारे पेंटाक्लोरोफेनॉल 2015 मध्ये, नाहीशा न होणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांवरील स्टॉकहोम कराराच्या यादीत गेले. खांब व बाहेरील बांधकाम यांसाठी आता आर्सेनिक व क्रोमियम वगळून तांबे आणि एखादे सेंद्रिय बुरशीनाशक यांची मिश्रणे वापरली जातात. माणसाच्या दृष्टीने ती सौम्य असली तरी तांबे पाण्यातील जीवांना घातक असते, शिवाय अशा लाकडात साधे लोखंडी खिळे लवकर गंजतात आणि जस्तलेपित किंवा स्टेनलेस स्टीलचे खिळे वापरावे लागतात. तलावाच्या काठी किंवा विहिरीजवळ या मिश्रणांचा वापर विचारपूर्वकच झाला पाहिजे.

घराच्या आतील लाकडासाठी आणि बांबूसाठी आज सर्वांत विश्वासाचा आणि तुलनेने निरुपद्रवी पर्याय म्हणजे बोरॉनची संयुगे. टाकणखार आणि बोरिक ॲसिड ही त्यांची घरोघरी परिचित रूपे असून कॅरमच्या पटावर टाकली जाणारी बोरिक पावडर ती हीच. बुरशी आणि वाळवी यांच्या पचनक्रियेतील विकर, म्हणजे अन्नाचे विघटन घडवणारी द्रव्ये, तसेच वाळवीच्या पोटातील सहजीवी सूक्ष्मजीव यांच्या कामात बोरॉन अडथळा आणते आणि त्यामुळे ते जीव हळूहळू उपासमारीने मरतात. त्याला वास नसतो, रंग नसतो, लाकूड रंगवता व चिकटवता येते आणि आगीलाही ते काही प्रमाणात आवर घालते. माणसाने ते एकदा थोडे गिळले तर होणारी तीव्र विषबाधा साध्या मिठाच्या पातळीच्या जवळपासची मानली जाते. परंतु जास्त मात्रेत दीर्घकाळ संपर्क आल्यास प्रजननक्षमतेवर परिणाम होऊ शकतो, या कारणास्तव युरोपीय संघाने 2010 मध्ये बोरिक ॲसिडला चिंताजनक द्रव्यांच्या यादीत घातले. याचा अर्थ बोरॉन टाकून द्यावे असा होत नाही; पूड हाताळणाऱ्या कामगाराला हातमोजे व मास्क द्यावेत आणि टाकीतील उरलेले द्रावण ओढ्यात सोडू नये, एवढा मात्र त्याचा स्पष्ट अर्थ आहे.

बोरॉनचा मोठा गुण म्हणजे ते ओल्या लाकडात आपोआप पसरते. इतर परिरक्षके कोरड्या लाकडात दाबाने घुसवावी लागतात, तर बोरॉनच्या दाट द्रावणात बुडवलेले ताजे ओले लाकूड प्लास्टिकखाली झाकून काही आठवडे ठेवले की ते द्रव्य आतील पाण्यातून गाभ्याकडे सरकत जाते. या क्रियेला विसरण म्हणतात. न्यूझीलंडमध्ये 1950 च्या दशकापासून घरांच्या पाइनच्या चौकटींसाठी हीच वाट धरली गेली. 1990 च्या दशकात तिथे असा समज रूढ झाला की भट्टीत वाळवलेल्या लाकडाला परिरक्षणाची गरज नाही, आणि कच्चे पाइन वापरण्यास मुभा मिळाली. त्याच काळातील नव्या पद्धतीच्या, छताला पुरेशी झड नसलेल्या घरांमध्ये भिंतींच्या आत पाणी शिरू लागले आणि हजारो घरांच्या चौकटी आतून कुजल्या. ‘गळक्या घरांचा पेच’ या नावाने ते प्रकरण गाजले आणि 2004 मध्ये परिरक्षित लाकूड पुन्हा सक्तीचे झाले. विष टाळण्याच्या हौसेने कोणी लाकूड उघडे सोडू लागला तर हा धडा त्याने आधी वाचावा.

बोरॉनचा दोषही याच गुणातून येतो. जे पाण्यातून आत जाते ते पाण्यातूनच बाहेर येते. पावसात उभ्या असलेल्या किंवा जमिनीत गाडलेल्या लाकडातून बोरॉन हळूहळू धुपून जाते, म्हणून ते छपराखालच्या लाकडासाठी ठीक आणि अंगणातील खांबासाठी अपुरे. कोकणात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यात बोरॉन लावलेले उघडे कुंपण फार काळ निभावणार नाही. तांबे व क्रोमियम यांच्या जोडीने बोरॉन वापरण्याचा मार्ग आहे, पण मग क्रोमियमचा प्रश्न परत दारात येतो.

बांबूच्या बाबतीत बोरॉनइतके सोयीचे दुसरे काही नाही. बांबूला मध्यकाष्ठ नसते, त्याचे खोड पिष्टाने भरलेले असते आणि म्हणूनच तोडल्यानंतर काही महिन्यांत त्याची पूड पडू लागते. सिंधुदुर्गातील माणगा ही भरीव बांबूची जात तिथल्या शेतकऱ्यांच्या बांधांवर मोठ्या प्रमाणावर लावली जाते आणि कुडाळ येथील कोकण बांबू अँड केन डेव्हलपमेंट सेंटर ही संस्था बांबूवर प्रक्रिया करून घरे व फर्निचर बनवण्याचे काम करते. पूर्वीपासूनची ग्रामीण रीत अशी की पक्का, तीन वर्षांहून जास्त वयाचा बांबू पावसाळा सरल्यावर तोडावा आणि काही आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवावा. पाण्यात बुडाल्याने विरघळणारी शर्करा व पिष्टाचा काही भाग निघून जातो आणि भुंगेऱ्यांना तो कमी आवडतो, इतका फायदा त्यात खरा असतो. वाळवी व बुरशी यांना मात्र पाण्याने धुतलेला बांबूही वर्ज्य नसतो. म्हणून त्यापुढची पायरी रासायनिक: बोरिक ॲसिड व टाकणखार यांचे सुमारे 1:1.5 प्रमाणातील 5 टक्के द्रावण करायचे, बांबूच्या पेरांतील पडदे लांब सळईने फोडायचे आणि त्याला आठवडाभर बुडवून ठेवायचे, मग सावलीत उभा करून वाळवायचे. ताज्या तोडलेल्या, हिरव्या बांबूच्या बुंध्याला रबरी नळी बसवून दाबाने द्रावण ढकलले तर आतील रस दुसऱ्या टोकातून बाहेर पडतो आणि त्याची जागा परिरक्षक घेते. ही युक्ती मुळात बूशरी या फ्रेंच शास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकात झाडांच्या खोडांसाठी वापरली होती. बांबूची साल मेणचट व जवळजवळ अभेद्य असते, त्यामुळे वरून ब्रशने औषध फासणे हा नुसता समाधानाचा मार्ग ठरतो, आणि बांबू बाजारातल्या बऱ्याच निराशांचे मूळ तिथेच असते.

‘नैसर्गिक’ म्हणून पुढे येणाऱ्या तेलांचे मोल दोन भागांत तपासावे लागते. जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून घट्ट पापुद्रा धरते आणि पाण्याला अडवते. ते लाकडाचे पाण्यापासून संरक्षण करते, पण बुरशीला ते मारत नाही, आणि पापुद्र्याला तडा गेला की पाणी आत शिरते, पण बाहेर यायला त्याला वेळ लागतो. कडुलिंबाच्या तेलातील अझाडिरॅक्टिन कीटकांना खाण्यापासून परावृत्त करते, पण ते उन्हात व पावसात लवकर विघटित होते, म्हणून त्याच्या एका थरावर वर्षानुवर्षे विसंबून राहता येत नाही. कोकण व गोव्याच्या किनाऱ्यावरचे काजूच्या टरफलांचे तेल मात्र जरा वेगळ्या पंगतीत बसते. त्यात ॲनाकार्डिक आम्ल, कार्डोल व कार्डेनॉल ही कडक द्रव्ये असतात आणि जुन्या काळापासून होड्यांना व घराच्या लाकडाला ते लावले जात आले आहे. त्याचा कातडीवर फोड आणण्याचा गुण ते काढणाऱ्यांना चांगला परिचित असतो. ते वाळवीला आवडत नाही आणि पाण्यातही सहज विरघळत नाही. तरीही ज्या द्रव्याने हात भाजतात त्याला निर्धोक म्हणणे अवघड आहे. निसर्गातून आलेले म्हणजे मऊ, असे समीकरण निदान काजूच्या बाबतीत तरी कोकणी माणूस मान्य करणार नाही.

याहून मूलगामी विचार असा की लाकडात विष घालण्याऐवजी लाकूडच असे बदलावे की बुरशीला ते अन्न म्हणून ओळखताच येऊ नये. या दिशेचा पहिला मार्ग उष्णतेचा. फिनलंडमध्ये 1990 च्या दशकात विकसित झालेल्या पद्धतीत लाकूड वाफेच्या संरक्षणाखाली सुमारे 185 ते 215 अंश सेल्सिअस तापवतात. त्यात हेमिसेल्युलोजचे मोठ्या प्रमाणावर विघटन होते, लाकूड हवेतील ओलावा फार कमी शोषते आणि त्याचे फुगणे-आक्रसणेही घटते. रसायन एक थेंबही न वापरता टिकाऊपणा वाढतो, परंतु वाकण्याची ताकद कमी होते आणि ते ठिसूळ बनते, शिवाय मातीत गाडण्यासाठी ते योग्य नसते आणि आपल्याकडच्या वाळवीला ते पूर्णपणे रोखत नाही. बेंगळुरूच्या लाकूड विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेने भारतीय लाकडांवर अशा उष्णताप्रक्रियेचे प्रयोग केले आहेत. बाहेरच्या भिंतीवरील फळ्यांसाठी हा मार्ग चांगला. वाळवीग्रस्त भागातील जमिनीसाठी तो एकट्याने पुरेसा नाही.

दुसरा मार्ग ॲसिटिलीकरणाचा. व्हिनेगरमधील ॲसिटिक आम्लाच्या जवळच्या नात्यातील ॲसिटिक ॲनहायड्राइड हे द्रव्य लाकडातील पाणी पकडणाऱ्या हायड्रॉक्सिल गटांशी संयोग पावते आणि त्यांना झाकून टाकते. मग लाकूड पाणी धरत नाही आणि बुरशीच्या विकरांना ते ओळखता येत नाही. या संयोगाचा अभ्यास 1920 व 1940 च्या दशकांत जर्मनी व अमेरिका येथे झाला, परंतु मोठ्या प्रमाणावरील उत्पादन नेदरलँड्समधील आर्न्हेम येथे 2007 मध्ये सुरू झाले. त्याच देशातील स्नेक या गावाजवळ महामार्गावर अवजड वाहने पेलणारे दोन पूल 2008 व 2010 मध्ये याच लाकडात उभारले गेले. तिसऱ्या मार्गात फरफ्युरिल अल्कोहोल लाकडात भरून तिथेच घट्ट केले जाते. नॉर्वेतील उद्योगाने हा मार्ग रूढ केला आणि हे द्रव्य मिळवण्यासाठी उसाच्या चिपाडासारखे शेतीतील टाकाऊ कच्चे माल वापरता येतात. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राने या गोष्टीकडे लक्ष द्यावे, कारण चिपाड आपल्याकडे मुख्यतः बॉयलरमध्ये जळते. ही दोन्ही तंत्रे आज महाग असून सर्वसाधारण घरबांधणाऱ्याच्या आवाक्याबाहेर आहेत, हेही लपवण्यात अर्थ नाही.

स्वस्त उपाय जुन्या सुतार-गवंड्यांच्या हातात होता आणि तो रसायनाच्या डब्यात नव्हता. वाड्यातील लाकडी खांब दगडी तळखड्यावर उभे केले जात, जेणेकरून लाकडाच्या उभ्या धाग्यांची तोंडे जमिनीच्या ओलीला टेकत नसत. खांबाचे कापलेले टोक हे त्याच्या बाजूंपेक्षा कितीतरी जास्त वेगाने पाणी शोषते, म्हणून ही साधी अडचण सांभाळली की निम्मे संरक्षण झाले असे मानायला हरकत नाही. छपराची पागोळी भिंतीपासून दूर पडेल इतकी झड, उंच जोते, हवा खेळती राहणारी पडवी, पाणी साठू न देणारे उतार, आणि फणस, किंजळ, आईन, खैर यांसारख्या लाकडांची निवड यांनी रसायनांची गरज मुळातच कमी होत असे. आज सिमेंटच्या फरशीत थेट रोवलेली चौकट किंवा भिंतीला चिकटवलेली, हवा नसलेली पॅनेलिंग याच्या नेमके उलटे करते आणि मग विषाची मात्रा वाढवून ती भरपाई करण्याचा प्रयत्न होतो. परिरक्षणाचे अचूक माप हे लाकडाच्या जागेवर ठरते: घराच्या आत कोरडे राहणारे फर्निचर असेल तर बोरॉन पुरे, पावसात उघडे असेल तर उष्णताप्रक्रिया किंवा नैसर्गिक टिकाऊ मध्यकाष्ठ, मातीत गाडायचे असेल तर तांब्याच्या मिश्रणांसारखे काही घ्यावे लागते, अन्यथा लाकडाऐवजी दगड वा काँक्रीटचा पाया द्यावा. सर्व ठिकाणी एकच औषध लावणारा कंत्राटदार सोय पाहत असतो, शास्त्र नव्हे.

लाकूड विकत घेताना दुकानदाराला तीन प्रश्न विचारणे ग्राहकाच्या हाती असते: ते मध्यकाष्ठ आहे की रसकाष्ठ, त्यावर कोणते द्रव्य कोणत्या पद्धतीने दिले, आणि ते द्रव्य आत किती खोल गेले आहे. भारतीय मानक ब्यूरोचे लाकडासाठी 401 आणि इमारतीतील बांबूसाठी 9096 क्रमांकाचे मानक या सगळ्याची पद्धत व प्रमाणे सांगतात आणि दुकानदाराने त्यांचा दाखला मागितल्यावर द्यायला हवा. जुन्या घराचे पाडलेले लाकूड, विशेषतः हिरवट छटेचे वा डांबराच्या वासाचे, चुलीत, बंबाखाली किंवा शेकोटीत कधीही घालू नये. त्याचा धूर आणि राख दोन्ही विषारी असू शकतात, आणि ती राख भाजीच्या वाफ्यात टाकण्याची सवय तर आजच सोडलेली बरी.